दान की विसर्जन?

काही नैतिक प्रश्न मोठ्या वेशात येत नाहीत. ते फडताळाच्या खालच्या कप्प्यात साचत राहतात. बाहेरून मागवलेल्या जेवणाबरोबर आलेले प्लास्टिकचे डबे, त्यांची कधी जुळणारी तर कधी न जुळणारी झाकणे, वेष्टणातून बाहेरही न निघालेले चमचे, चटणीच्या इवल्याशा डब्या, एकात एक बसवून ठेवलेले पेले, म्हणजे इंदूरच्या बोलीत ज्यांना सरसकट ‘डिस्पोजल’ म्हणतात तो ऐवज, आज बहुतेक घरांत सापडतो. दिवाळीच्या साफसफाईत तो बाहेर निघतो आणि घरात एक छोटासा वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, टाकून द्या. दुसरा म्हणतो, चांगले धुतलेले आहे, राहू द्या, कधी तरी कामास येईल. तिसरा मधला मार्ग सुचवतो: कुणा गरजूला देऊन टाका, तेवढेच पुण्य. वाद बहुधा या तिसऱ्या सूचनेवर मिटतो, कारण तीमुळे वस्तूही जाते आणि मनही प्रसन्न राहते. आम्हांस विचार करावासा वाटतो तो या प्रसन्नतेचा. जी वस्तू आपल्याला नकोशी झाली आहे ती दुसऱ्याला देणे, यास दान म्हणावे काय? आणि ते दान नसेल, तर त्याचे योग्य नाव कोणते?

वस्तू टाकवत नाही, हा आम्हां माळव्यातील मराठी घरांचा जुना स्वभाव आहे. होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून इकडे आलेल्या कुटुंबांनी जे संस्कार बरोबर आणले त्यांत हा एक होता. जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली की तिचे पायपुसणे. धोतराचे पंचे होत आणि पंचे विरले की चुलीपाशी धरावयाची फडकी. डालड्याच्या रिकाम्या डब्यात आधी डाळ राही, आणि त्यास गंज चढू लागला की त्यात तुळस लागे. वस्तू टाकली जात नसे, ती केवळ एक एक पायरी खाली उतरत असे. या काटकसरीच्या मुळाशी पुष्कळदा टंचाई होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वस्तू घडवण्यात कुणाचे तरी श्रम गेले आहेत, ही जाणीवही तीत होती. तेव्हा प्लास्टिकचा डबा धुऊन त्यात मोहरी किंवा बटणे ठेवणाऱ्या गृहिणीला हसू नये. ती आपल्या आजीचाच नियम नव्या वस्तूला लावीत असते.

अडचण अशी की नवी वस्तू त्या नियमात नीट बसत नाही. आमच्याकडे भांडे म्हणजे केवळ पदार्थ ठेवण्याची सोय नव्हती. पातेले विकत घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची रीत होती. लग्नातील भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख असे. त्यामुळे शेजारी खीर गेली तरी पातेले कुणाचे हे विसरता येत नसे, आणि ते परत करताना रिकामे करू नये असा दंडक होता. घरात दुसरे काही नसेल तर चिमूटभर साखर घालून ते परत जाई. भांड्याच्या या येण्याजाण्याने दोन घरे बांधली जात. जेवणाबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या डब्याची कुणीच वाट पाहत नाही. तो परत न येण्यासाठीच घडवलेला असतो.

यावर कुणी म्हणेल की एकदा वापरून टाकण्याची रीत आमच्याकडे नवीन नाही. पत्रावळ आणि द्रोण ही काय होती? आक्षेप योग्य आहे. माळव्यात ज्याला खाकरा म्हणतात त्या पळसाच्या पानांवर येथील पंगतीच्या पंगती उठल्या आहेत. पण पत्रावळ उकिरड्यावर गेली की थोड्याच दिवसांत तिची माती होई. तिचे काम आणि तिचे आयुष्य यांचे माप जवळपास सारखे होते. प्लास्टिकच्या डब्याचे काम अर्ध्या तासाचे आणि आयुष्य कित्येक पिढ्यांचे असते. पत्रावळीसारखा तो मरत नाही आणि पातेल्यासारखा तो परतत नाही. म्हणून त्याच्यापुरता आमचा जुना नीतिनियम अपुरा पडतो, आणि आपण ‘दान’ हा शब्द हाताशी घेतो.

हा शब्द कितपत लागू पडतो हे पाहण्याआधी वस्तूही नीट पाहावी. डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक अंक कोरलेला असतो. पाच हा अंक पॉलिप्रॉपिलीनचा. जेवणाचे बरेचसे जाड डबे त्याचे असतात आणि ते उष्णता बऱ्यापैकी सोसतात. सहा हा अंक पॉलिस्टायरीनचा. हलके, कडकन मोडणारे चमचे व पेले पुष्कळदा त्याचे असतात, आणि उकळत्या पदार्थाशी त्यांचे जमत नाही. एक हा अंक पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचा. तेही गरम अन्नासाठी नव्हे. पाचव्या अंकाचा डबा पुन्हा वापरता येतो हे खरे, पण घासणीचे ओरखडे पडले, हळदीचा डाग आणि तेलाचा वास बसला, की तो अन्नासाठी राहत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की पॉलिप्रॉपिलीनच्या बाळबाटलीत कढत पाणी घातले तर तिच्यातून प्लास्टिकचे सूक्ष्मकण मोठ्या संख्येने सुटतात. त्यांचा देहावर नेमका काय परिणाम होतो हा शोध पुढे चालूच आहे. मात्र एवढे कळल्यावर नातवंडाचे दूध आपण अशा पात्रात गरम करणार नाही. मग तेच पात्र ‘गरजू’च्या घरी गरम आमटीसाठी पाठवताना आपला हात का थांबत नाही, हा प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. ताटल्या, पेले, चमचे, काटे, सुऱ्या, नळ्या, तबके ही सारी त्या यादीत आहेत. जेवणाचे झाकणबंद डबे यादीत नाहीत. बंदी केवळ विक्रीवर नाही. साठा, वितरण आणि वापर हेही तिच्यात येतात. आता एखाद्या घरात जुन्या चमच्यांच्या व पेल्यांच्या चवडी सापडतात आणि कोपऱ्यावर पोहे विकणाऱ्या हातगाडीवाल्यास त्या सद्भावनेने दिल्या जातात. देणारा घरी जाऊन निश्चिंत झोपतो. महापालिकेचे पथक आले की चालान फाटते ते हातगाडीवाल्याचे. पुण्य एकाच्या खात्यावर आणि दंड दुसऱ्याच्या, असे हे दान ठरते.

तिसरी गोष्ट नकार देण्याच्या अधिकाराची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. पूर्वी दारावर बोहारीण येई. जुने कपडे घेऊन भांडे देणारी ही बाई मोठी चोखंदळ असे. ती लुगडे उजेडात धरी, जर तपासी, विरलेले धोतर बाजूला सारी, आणि तासभर घासाघीस केल्यावर अखेर एक लहानसे पातेले पुढे करी. घरातील बायका तिच्यावर रागावत, तरी तिची वाटही पाहत. त्या व्यवहारात दान नव्हते, पण मान होता, कारण बोहारणीला ‘हे नको’ म्हणता येत असे. आज आपण डब्यांची पिशवी कामाच्या मावशींच्या हाती ठेवतो, तेव्हा त्यांना तसे म्हणता येते काय? ज्या घरातून पगार यावयाचा त्या घरचे ‘देणे’ नाकारणे सोपे नसते. त्या हसून पिशवी घेतात. तीतील दोन चांगले डबे निवडून उरलेले त्यांनाच कुठे तरी टाकावे लागतात. म्हणजे आपण त्यांना डबे दिले नाहीत, कचरा निवडण्याचे आणखी एक काम दिले, आणि तेही बिनपगारी.

आपल्या परंपरेत दानाची इतकी चिकित्सा झाली आहे की हा प्रश्न तिला अनोळखी वाटू नये. कठोपनिषदाची कथा येथूनच तर सुरू होते. वाजश्रवसाने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला, आणि दक्षिणेसाठी गाई आणल्या त्या दूध आटलेल्या, जराजर्जर, ज्यांचे खाणेपिणे सरत आले आहे अशा. बाप देत होता आणि मुलगा पाहत होता. असे देणारा कोणत्या लोकी जातो, ही शंका नचिकेताच्या मनात आली, आणि म्हणून त्याने विचारले, मला कुणाला देणार? पुढे यमाशी जो थोर संवाद झाला त्याची सुरुवात अशी नकोशा वस्तूंच्या दानाने झाली, हे आपण बहुधा विसरतो. त्या गाईंची उस्तवार करण्याचे ओझे घेणाऱ्या ब्राह्मणांवर पडणार होते. वाजश्रवसाच्या गोठ्यात तेवढी जागा मोकळी होणार होती. आमच्या फडताळाचा कप्पा मोकळा होतो तसाच हा प्रकार. गीतेच्या सतराव्या अध्यायातही देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले दान एका बाजूस ठेवले आहे, आणि अनादराने दिलेले दुसऱ्या बाजूस.

याहून जवळचा दाखला आमच्या या भूमीतच आहे. अहिल्याबाई होळकरांची अन्नछत्रे, घाट, धर्मशाळा, विहिरी यांची कीर्ती काशी-रामेश्वरापर्यंत पसरली हे सर्वांस ठाऊक आहे. त्या दानधर्माचे एक वैशिष्ट्य इंदूरच्या जुन्या घरांना विशेष परिचित असावयास हवे. हा खर्च त्यांनी दौलतीच्या खजिन्यातून न करता ‘खासगी’तून केला. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे जी जहागीर दिली, तिच्यापासून या खासगीची परंपरा चालत आली होती. ज्यावर आपला स्वतःचा हक्क आहे, जे आपण स्वतःसाठी ठेवू शकलो असतो, त्यातून दिले तर ते दान, असा याचा अर्थ आम्ही घेतो. या कसोटीला आपला डबा लावून पाहावा. तो आपण मागितलेला नव्हता. तो ठेवण्याचीही आपल्याला इच्छा नाही. तो देताना आपल्या खासगीतून काय कमी झाले? काहीच नाही. उलट अडगळ कमी झाली म्हणून आपणच काही मिळवले.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. कुणी म्हणेल, तुमचे हे विवेचन म्हणजे नीतीच्या क्षेत्रातील सोवळेओवळे आहे. घेणाऱ्याला डबा हवा असतो. देणाऱ्याच्या मनात त्याग होता की सोय होती याची चौकशी तो करीत नाही. भंवरकुआ भागात स्पर्धा परीक्षांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला चार झाकणबंद डबे मिळाले तर त्याची खरोखर सोय होते. रोपे करणाऱ्या माळ्याला चटणीच्या डब्या बुडाशी भोक पाडून वापरता येतात. उरलेले अन्न गोळा करून वाटणाऱ्या तरुणांना ते भरून देण्यासाठी पात्रे लागतातच. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी घरोघरी अन्न पोहोचवले त्यांना असे डबे किती मोलाचे वाटले असतील! देणाऱ्याचे मन शुद्ध होईतो या सर्वांनी थांबावे काय?

हा आक्षेप आम्हांस बव्हंशी मान्य आहे. उपयोग हाही एक धर्म आहे, आणि हेतूच्या शुद्धतेसाठी दुसऱ्याची गरज अडवून धरणे हा अहंकाराचाच एक प्रकार होय. पण या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. तेथे गरज आधी आहे आणि वस्तू नंतर. मुलाला डबे हवे आहेत, माळ्याला डब्या हव्या आहेत. त्यांनी मागितले, किंवा आपण विचारल्यावर ‘हो’ म्हटले. आपल्या नित्याच्या ‘दाना’त मात्र वस्तू आधी असते आणि तिच्यासाठी आपण गरजू शोधीत निघतो. घेणारा माणूस मग माणूस उरत नाही, आपल्या अडगळीची वाट होतो.

शिवाय अशा दानाचा एक उलटा परिणाम होतो. वस्तू कुणाच्या तरी कामी येणार आहे असे एकदा मनाने घेतले की ती घेताना संकोच वाटेनासा होतो. इंदूरमध्ये हा मोह अधिक आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात अग्रस्थानी राहिलेले हे शहर. दारी गाडी येते, कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो. ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा रोज ५५० टनांचा प्रकल्प देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. त्याच देवगुराडियाचे जुने कचऱ्याचे डोंगर त्याआधी काही वर्षे हटवले गेले. हे सारे अभिमानास्पद आहेच. पण गाडी गेली की वस्तू नाहीशी झाली, असे आपल्याला वाटू लागते, आणि हा व्यवस्थेच्या यशाचाच तोटा आहे. वस्तू नाहीशी होत नाही. ती कुणा तरी सफाईमित्राच्या हातून पुढे सरकते. आमटीने माखलेला डबा आणि धुतलेला डबा यांत त्या हातांच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे आपण क्वचितच मनात आणतो. हलका चमचा तर भंगाराच्या बाजारातही कुणी आनंदाने घेत नाही. वजन भरत नाही आणि भाव येत नाही.

मग या कृत्याला म्हणावे काय? आम्हांस एक शब्द सुचतो आणि तोही या शहराच्या इतिहासातून. १९६० मध्ये विनोबा भावे इंदुरात काही आठवडे राहिले. नगराच्या स्वच्छतेचा विषय तेव्हाही त्यांच्या बोलण्यात व कृतीत होता. त्यांच्या प्रेरणेने येथे जो आश्रम निघाला त्याचे नाव ‘विसर्जन आश्रम’. त्या नावामागील त्यांचा विचार व्यापक होता. आम्ही येथे केवळ तो शब्द आपल्या लहान कामासाठी घेत आहोत. आपल्या घरी गणपतीचे विसर्जन होते तेव्हा आपण मूर्ती कुणाला ‘देत’ नाही, आणि फेकतही नाही. जी आपल्या घरी आली तिला आपणच मानाने पोहोचवून येतो. ते काम नोकराकडे सोपवीत नाही, त्याबद्दल कुणाचे आभार अपेक्षित नसतात आणि पुण्याचा हिशेबही मांडला जात नाही. नकोशा वस्तूंच्या बाबतीत आपले कर्तव्य या जातीचे आहे. ते दान नव्हे, विसर्जन होय.

शब्द बदलला की वागणेही बदलते. दान समजून दिलेला डबा कसाही दिला जातो, कारण देणे हाच उपकार असतो. विसर्जन समजले तर डबा स्वच्छ धुणे, झाकण जुळवणे, तडा गेलेला वेगळा काढणे हे आपले काम ठरते. कुणाला द्यावयाचा तर आधी विचारावे, आणि ‘नको’ हे उत्तर सहज देता येईल अशा रीतीने विचारावे. अन्नासाठी जो डबा आपण स्वतः वापरणार नाही तो अन्नासाठी देऊ नये. खिळे, बटणे, रोपे यांसाठी खुशाल द्यावा, तसे सांगून द्यावा. बंदी असलेला चमचा दुसऱ्याच्या गळ्यात न घालता आपणच सुक्या कचऱ्यात नीट वेगळा करून गाडीकडे द्यावा. आणि दान करावयाची इच्छा खरोखर असेल तर डबे राहू द्यावे, स्टीलचे चार डबे विकत घेऊन द्यावे. तेव्हा खासगीतून काही तरी निघेल.

विसर्जनाचा विचार करणाऱ्याला स्थापनेचाही विचार करावा लागतो. गणपती किती दिवसांचा हे आणतानाच ठरलेले असते. डबा घरी येताना हा प्रश्न आपण विचारत नाही. जेवण मागवताना चमचे नकोत असे सांगता येते. झोमॅटोसारख्या सेवेने तर २०२१ मध्ये चमचे मागितल्याशिवाय पाठवू नयेत अशी व्यवस्था केली. छप्पन दुकानवरून भाजी आणावयाची तर घरचा डबा नेता येतो. दुकानदार क्षणभर पाहतो, मग भरून देतो. समारंभांसाठी स्टीलची भांडी मिळावीत म्हणून येथे महापालिकेच्या पुढाकाराने ‘बर्तन बँक’ निघाली. पूर्वी समाजाची सामाईक पातेली व पराती असत आणि कार्य झाले की घासून परत जात, त्याच रीतीचे हे नवे नाव. संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्यांचे वाण लुटण्याची जी पद्धत आपल्यात रुळली आहे, तिचाही सुवासिनींनी फेरविचार करावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. वाण घेणारीही ‘नको’ म्हणू शकत नाही.

मराठीत ‘पात्र’ हा शब्द भांड्याला लावतात आणि दान घेण्यास योग्य अशा माणसालाही लावतात. आजवर दानाच्या चर्चेत आपण घेणाऱ्याची पात्रता तपासत आलो. या किरकोळ डब्यांनी तपासणी उलट फिरवली आहे. आता देण्याजोगे पात्र कोणते आणि देणारा कितपत पात्र, हे पाहावे लागेल. येत्या दिवाळीत फडताळाचा तो खालचा कप्पा उघडला जाईल आणि घरातील तिसरा पक्ष नेहमीची सूचना करील. तेव्हा पिशवी बांधण्याआधी कुणाला तरी एवढेच विचारावे: तुम्हांला हे हवे आहे का? उत्तर ऐकण्याची तयारी मात्र हवी.